वय झालं आता

मेंदूचे आलेख वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंना अख्खं रुग्णालय पाठीमागे ‘तिखटबाई’ म्हणे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. ‘वय झालं आता’ एवढं कानावर पडलं, की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. वयाबरोबर डोक्यातल्या लहरी थोड्या मंदावतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण त्या मंदपणाच्या नावाखाली लोक काय काय खपवतात, हेही त्यांनी उभा जन्म पाहिलं होतं.

त्या सकाळी एक शिवणकाम करणारी आजी आली. आली कसली, मुलाने आणून बसवली. गेल्या आठवड्यापर्यंत ती लोकांचे कपडे शिवत होती; आता शून्यात बघत पदराची कड सारखी चोळत होती. आधीच्या डॉक्टरने तिला शक्तीच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. म्हातारचळ लागलाय, मुलगा तिच्यादेखतच सांगू लागला. वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली होती, फक्त डॉक्टरांचं पत्र हवं होतं. शिलाई मशीनही कालच देऊन टाकलं, उगाच खोली अडवून बसलेलं.

“चार दिवसांत म्हातारचळ लागत नाही,” तिखटबाई म्हणाल्या. “बाहेर बसा.”

आजीच्या विरळ केसांत भांग पाडून, चिकट मलम लावून तारा बसवल्या गेल्या. पडद्यावर रेषा उमटल्या आणि तिखटबाईंनी दातओठ खाल्ले. टोकदार लाटा, एकीमागून एक, खंड म्हणून नाही. हातपाय न झाडता आतल्या आत चाललेली फिट होती ती. आणि म्हणे म्हातारचळ!

तारा न काढताच त्यांनी हळूहळू इंजेक्शन द्यायला लावलं. लाटा विरळ झाल्या, मग थांबल्या. आजीला झोप लागली. तिला वॉर्डात हलवून पुढची औषधं सुरू केली.

दुपार कलताना आजीने डोळे उघडले. छताकडे पाहिलं, मग मुलाकडे.

“मशीनवर कापड टाकलंस का रे? धूळ बसते.”

मुलगा तिखटबाईंकडे बघू लागला. आत्ताच तिला त्रास नको, तुम्हीच काहीतरी सांगा, असं पुटपुटला.

“माझ्याकडे काय बघता? विचारलंय तुम्हाला. आता त्यांना सगळं कळतंय.”

तिखटबाईंनी स्टूल ओढलं आणि ठाण मांडून बसल्या. मुलाने खाली मान घालून सांगितलं.

“ऊठ,” आजी म्हणाली. “घेऊन ये परत.”