अपसॅम्पलिंगचा डबा आणि मधली खुर्ची

गाणी ऐकणाऱ्या दोस्तांनो, आज माझा अपसॅम्पलिंगचा डबा हरला, तरी मी छाती फुगवून हे लिहून राह्यलो.

डिजिटल गाण्याचे सॅम्पल, म्हणजे आवाजाचे बारीक नमुने, वाढवून हा डबा आवाज सुधारतो म्हणतात, म्हणून मी तो मोठ्या हौसेनं घेतला. सकाळी दोन मित्र मस्तगडला माझ्या घरी आल्ते. डबा चालू केला की आम्ही तिघंही म्हणायचो, "वा! तबला कसा मोकळा झाला!"

तेवढ्यात माझी बायको सुनीता पिठाच्या हातानंच स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, आत मला एवढंच कळून राह्यलं की डबा चालू केला की गाणं जरा मोठं होतं. आधी आवाज बराबर करा, मंग बोला."

आम्ही हसलो. पण तिनं फोनवरच्या आवाज मोजायच्या अ‍ॅपनं डबा चालू आणि बंद, दोन्ही वेळचा आवाज सारखा करून घेतला, आम्हाला भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि बटण स्वतःच्या हातात घेतलं.

"सांगा, आता डबा चालू आहे का बंद?"

आमची उत्तरं एकमेकांशी जुळेनात. एकदा तर डबा बंद असताना मी जोरात "वा!" म्हणालो.

"वहिनी, कान तुमचेच खरे," एका मित्रानं मान्य केलं.

दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधली, जिथं गाणं सगळ्यात छान ऐकू येतं, ती खुर्ची माझी. तिथं मी कुणालाच बसू देत न्हाई. आज मी उठलो, सुनीताला तिथं बसवलं आणि डबा बंद ठेवून तिच्या आवडीचं गाणं लावलं.

खरं सांगा, तुमच्या घरात मधल्या खुर्चीवर कोण बसतं?