मुलींच्या नावाची मूठ

“पेली गंदी वातोवाळी बेन पाछी आवी,” मुनीम शेजारच्या माणसाला हळूच म्हणाला. ती घाण बोलणारी बाई परत आली. मी दारातच थबकले. बाईंनी मात्र चपला काढल्या, गादीच्या कडेला ऐसपैस बसल्या आणि त्याच मुनिमाला म्हणाल्या, “भाई, पहेलां पाणी पिवडावो.”

पाणी प्यायल्याशिवाय त्या कुठेच काही मागत नसत. तहान असो वा नसो. “ज्याला पाणी पाजलं त्याला हाकलायला माणूस जरा लाजतो,” हे त्यांचं शास्त्र. सुरतेच्या कपडा मार्केटात एका सकाळी चार दुकानं झाली की मग त्यांना बाथरूम शोधायची घाई व्हायची. मी बाहेर पर्स धरून उभी.

आम्ही त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचो. लिंबायतमधल्या महानगरपालिकेच्या मराठी शाळेत त्या शिकवत. वर्गातली बहुतेक मुलं लूम कारखान्यांतल्या खानदेशी कामगारांची. दर शनिवारी शाळा सुटल्यावर त्या मुलांना वेगळं काहीतरी शिकवत. कुणी अंगाला हात लावला आणि तो नकोसा वाटला तर काय करायचं, कुणाला सांगायचं, ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणणाऱ्याचं का ऐकायचं नाही. संध्याकाळी चाळीत आयांनाही तेच. त्यांनी तयार केलेल्या दोन मुली आणखी काही शाळांत जात. या मुलींचं मानधन, रिक्षाभाडं आणि चित्रांचे तक्ते यांचा खर्च शहरातली एक संस्था देत होती. त्या वर्षी तिने हात आखडला. दिवाळीपर्यंत सोय झाली नसती, तर वर्ग बंद.

मी त्यात शिरले ती इंग्रजीमुळे. वडील उधन्याच्या कारखान्यात अधिकारी, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, घरात कमी बोलणारी. अर्ज छान लिहायचे. संस्थांकडे मदत मागणारा पहिला अर्ज टाइप करून नेला तेव्हा बाई म्हणाल्या, “आता हेच मराठीत वाच.” मी दुसऱ्या ओळीला अडकले. इंग्रजीत जो शब्द मी बिनदिक्कत टाइप केला होता, त्याच्या जागी मराठीत मला एक तर शिवी आठवत होती, नाहीतर काहीच नाही.

“नाही ना निघत तोंडातून?” बाई म्हणाल्या. “तुझं वय एवढं, शिक्षण एवढं. मग आठ वर्षांची पोर आईला कुठल्या शब्दांत सांगेल?”

तुम्ही हे का करता, असं मी एकदाच विचारलं. त्या भाकरीबरोबर ठेचा खात होत्या. “मला कुणी शिकवलं असतं तर मी लवकर सांगितलं असतं,” म्हणाल्या, आणि लगेच, “ठेचा घे ना, तुमच्याकडे एवढा तिखट करत नसतील.” मी ठेचा घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्याचं आहे असं दोघींनी मानलं.

तर त्या मुनिमाचे, मार्केटमधले शेठ. प्लेग येऊन गेल्याला फार दिवस झाले नव्हते. शहर घासूनपुसून लख्ख होत होतं आणि कोपऱ्याकोपऱ्यावर दात्यांच्या नावाच्या कचरापेट्या उभ्या राहत होत्या. शेठही देणारे होते.

“बेन, शाळाने पंखा आपुं, पाण्याची टाकी आपुं. आ वात रहेवा दो.” पंखा देतो, टाकी देतो, पण हा विषय राहू द्या.

“पंख्याच्या पात्यावर नाव येतं, नाही का शेठ?”

शेठ हसले. “ए तो आवेज ने!”

“आमच्या वर्गाला पातं नाही हो. बरं, मग मंगळवारी येऊ?”

नकार त्यांना ऐकूच येत नसे. तुम्हीही असं माणूस पाहिलं असेल, ज्याच्यासमोर ‘नाही’ म्हणून झाल्यावर आपणच वार सांगून मोकळे होतो. शेठ म्हणाले, “गुरुवारी या.”

पण गुरुवारही कोरडाच गेला. श्रावण लागला आणि लिंबायतमध्ये कानबाईची तयारी सुरू झाली. कानबाई म्हणजे खानदेशी माणसाची घरची देवी. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने एकेक मूठ गहू काढतात, आणि तो रोट भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाहीत. बाई गहू निवडणाऱ्या बायकांत जाऊन बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “पुरुषांच्या मुठी झाल्या की पोरींच्या नावाचीही एकेक मूठ काढा. ती वेगळ्या डब्यात ठेवा. तेवढी वर्गासाठी मला द्या.”

गलका झाला. “कानबाईचं धान्य घराबाहेर जात नाही, बाई!” एक म्हातारी कडाडली. तिला सगळे जिजी म्हणायचे. दिवसभर साड्यांचे धागे कापून तिची बोटं वाकडी झाली होती.

“रोटाचं कुठे मागते, जिजी? तुमच्या रोटात पोरींचं नाव आहे का?”

जिजीने हातातले गहू सुपात टाकले. मग म्हणाली, “शनिवारी ये. आधी सांग काय शिकवतेस ते. मग बघू.”

आणि नेमकं त्या शनिवारी बाई सुरतेत नव्हत्या. त्यांच्या भाऊबंदांची कानबाई अमळनेरला थोरल्या दिरांकडे बसे आणि सुनेला तिथे जावंच लागे. गाडीत चढताना त्या म्हणाल्या, “तू जाशील ना?” मी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते मलाही कळलं नाही. त्यांनी होकार धरला.

वर्ग बंद पडले नाहीत, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. गव्हाचे पैसे काही फार झाले नाहीत. पण ज्या बायका शेठच्या साड्यांचे धागे कापत होत्या, त्यांनी पोरींच्या नावाने मूठ काढली हे शेठच्या कानावर गेलं. त्यानंतर पंख्याचं नाव काढणं त्यांना अवघड झालं. त्यांनी वर्षभराचा खर्च दिला. फक्त एक अट घातली. नाव कुठे लिहू नका. बाई पोट धरून हसल्या. पुढे निवृत्त होऊन त्या कायमच्या अमळनेरला गेल्या. तिथल्या शाळांतही वर्ग सुरू केलेत असं ऐकते.

पण त्या शनिवारी हे काहीच ठाऊक नव्हतं. चाळीच्या अंगणात बायका गोल करून बसल्या होत्या. मधे रिकामा पत्र्याचा डबा. मांडीवर पोरी, काही पेंगणाऱ्या, काही कान टवकारलेल्या. जिजीने मला खालीवर न्याहाळलं.

“बाई नही उनी?”

मी मानेनेच नाही म्हटलं.

“तुन्हं तर लगीन बी व्हयेल नही. तू काय सांगशी?”

कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या पिशवीत इंग्रजी अर्ज होता. तो काढला असता तर मी तो घडाघडा वाचला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. माझ्यासमोर एक मुलगी आईच्या पदराचं टोक चावत माझ्याकडे एकटक बघत होती. मी तिच्याकडे बघून बोलले. मधे अडकले नाही.

“तुझ्या छातीला, मांड्यांमध्ये, लघवीच्या जागी कुणी हात लावला, किंवा त्याच्या तसल्या जागी तुझा हात ओढून लावला, तर ती चूक तुझी नाही. तो मामा असला तरी नाही, मास्तर असला तरी नाही. तू आईला सांगायचं. आणि आयांनो, त्या वेळी तिला पहिलं वाक्य ‘तू तिथे गेलीसच कशाला’ हे म्हणायचं नाही.”