दादा, जेवायला ये

आमचे तात्या, म्हणजे कळंबचे सावळाराम, नऊ वर्षं सख्ख्या भावाशी बोलले नाहीत. कालव्याच्या पाण्याची पाळी कुणाची, यावरून एका सकाळी जुंपली, ती कायमची. त्या थोरल्या भावाचं, आमच्या सोनबा आबांचं घर आमच्या बांधावरून दिसतं. तात्या रोज तिकडं पाठ करून चहा पितात. हट्टी माणूस! मी त्यांचीच मुलगी, म्हणून सांगते.

बारामतीच्या कॉलेजात गेल्यावर मी कंप्युटरला मराठी शिकवायच्या एका खुल्या प्रकल्पात काम करू लागले. तो कुणा एका कंपनीचा नाही, सगळ्यांचा. फोनवर येईल ते वाक्य वाचून आवाज द्यायचा, दुसऱ्यानं वाचलेलं ऐकून बरोबर की चूक ते सांगायचं, नाहीतर वाचायला नवी वाक्यं लिहायची. नाव कुणाचंच दिसत नाही.

तात्यांना म्हटलं, "तुमीबी करा की."

"पैसं घेत्यात?"

"न्हाय. देतबी न्हाईत."

"मग करतो," म्हणाले.

त्यांना ऐकायचं काम आवडलं. एकदा गोठ्यातून हाक मारून त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. कुणीतरी "बाजारात ताजी भाजी मिळते" असं अडखळत वाचत होतं.

"दादा हाय," तात्या म्हणाले.

आबाच होते. चुलतभाऊ शंभूराज माझ्याच वर्गात, त्यानं वडलांना कामाला लावलं असणार. तात्यांनी ती भाजी सात वेळा ऐकली. मग 'बरोबर' दाबलं आणि वैरण टाकायला गेले.

त्या दिवसापासून माणूस नादावला. चौदाशे आवाज तपासले, पण दादा पुन्हा भेटला नाही. मग एका बोटानं टाईप करून त्यांनी स्वतःचं वाक्य पाठवलं: दादा, जेवायला ये. कधीतरी ते दादाच्या फोनवर येईल आणि त्याला वाचावं लागेल, एवढीच आशा.

मी म्हटलं, "तात्या, घर दिसतंय की हितनं."

"तू अभ्यास कर," म्हणाले.

वाक्य मंजूर झालं आणि आवाज येऊ लागले. बोलण्यावरून नागपूरकडची वाटणारी एक बाई दादाला जेवायला बोलवून गेली, एक कोकणी म्हातारा बोलवून गेला. सगळा महाराष्ट्र आमच्या आबांना जेवायला बोलवत होता आणि तात्या ओसरीवर बसून ऐकत होते. दर वेळी कान टवकारायचे, दर वेळी परका आवाज. मला आधी हसू यायचं, मग येईना. इतकी ओढ असून माणूस दोन शेतं ओलांडत नाही म्हणजे काय!

परवा दुपारी एका पोरीचा आवाज आला. तिनं वाक्य वाचलं नाही, हाक मारली. शेवटचा 'ये' लांबवून, खरोखरच कुणी रानात असल्यासारखी. तात्यांनी 'बरोबर' दाबलं, फोन ठेवला आणि तसेच अनवाणी बांधावरून निघाले. मी मागोमाग.

आबा दारात बाजेवर बसले होते. तात्या अंगणात जाऊन उभे राहिले. इतक्या लोकांनी म्हटलेलं वाक्य त्यांच्या तोंडून काही निघेना. शेवटी म्हणाले, "दादा, जेवायला ये."

आबांनी ओला हात धोतराला पुसला.

"आत्ताच जेवलो रं," ते म्हणाले.

तात्या मान खाली घालून वळले. बांधापर्यंत पोचले असतील, तेवढ्यात मागून आबा ओरडले, "उद्या म्हण की परत!"