अर्धी नादारी

मी मॅट्रिक झालो त्या उन्हाळ्यात आमच्या घराला एकाच आठवड्यात दोन सोंगं वठवायची होती. मोठ्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते, त्यांच्यापुढं आम्ही खाऊनपिऊन सुखी दिसायला हवं होतं. आणि सरकारी कॉलेजात मला नादारी, म्हणजे फीमाफी, मिळावी म्हणून वाशीमच्या तहसिलीतून कारकून चौकशीला येणार होता, त्याच्यापुढं कंगाल. खरं तर आम्ही दोन्ही नव्हतो. किन्हीराजाच्या शिवारात आमचं मुरमाड वावर होतं. त्यात खाण्यापुरती ज्वारी निघे आणि कपाशी साधली तर कापडचोपड होई. अशा मधल्या माणसांचं काय करावं हे ना सरकारला कळतं, ना सोयऱ्यांना.

पाहुणे आधी यायचे होते, कारकून त्यानंतर दोन दिवसांनी. शेजारचे चाचा जवळच्या मालेगावच्या बाजारात कापसाचा व्यापार करत. त्यांनी न मागता आपली पांढरीशुभ्र बैलजोडी आमच्या अंगणात आणून बांधली. "पोरीचा मामला हाये," एवढंच म्हणाले. बाबांनी आमचा म्हातारा बैल घरामागं नेला. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. गावात पाहुणे आले की बैल, गाद्या, पितळी तांबे या घरातून त्या घरात फिरतच असत.

कारकुनाला मात्र काय घाई झाली होती कोण जाणे. तो दोन दिवस आधीच टपकला. ओसरीवर पाहुणे बसलेले, बहीण खाली मान घालून पाटावर, आणि हा अंगणात उभा राहून बैलांकडं बघतोय.

"जोडी तुमचीच का?" त्यानं बाबांना विचारलं.

बाबांचं तोंड एवढंसं झालं. हो म्हणावं तर माझं कॉलेज जाणार, नाही म्हणावं तर पोरीचं लग्न. ते नुसते पागोटं चाचपत राहिले. पाहुणेही कान टवकारून बसले होते.

तेवढ्यात बहीण पाटावरून उठली.

"जोडी चाचाची हाये, साहेब," ती म्हणाली. "आमचा म्हतारा बैल मांगं बांदला हाये, जाऊन पाहा. माह्या भावाले शिकाचं हाये. जे खरं हाये तेच लिवा." मग ती पाहुण्यांकडं वळली. "अन् तुमाले बैलायसंग सोयरीक कराची असन, तं चाचाचं घर बाजूलेच हाये."

पाहुणे उठलेच. मुलाचा बाप जाता जाता मायला म्हणाला, "पोरीले लय तोंड हाये तुमच्या."

"हाये ना," माय म्हणाली. "देवानं सगळ्यायलेच देलं हाये."

मला त्या दोघींचा इतका अभिमान वाटला की रडू आलं. कारकुनानं घरामागं जाऊन बैल पाहिला आणि रिपोर्ट खरा लिहिला.

पावसाळ्यात कॉलेजच्या कमिटीपुढं उभा राहिलो. टेबलामागच्या साहेबांनी माझा अर्ज वाचला आणि निकाल दिला, "अर्धी नादारी मंजूर." का, तर बाबांच्या नावावर जमीन होती. वावर मुरमाड आहे, हे मी सांगून पाहिलं. गरिबांसाठीचा पैसा थोडा असतो, अर्ध्यात समाधान मानावं, असा उपदेशही वर मिळाला.

मी शुद्ध बोलायचं ठरवून गेलो होतो. रागात सगळं शुद्ध सुटलं.

"साहेब, अर्ध्या फीत पोट्ट्यानं कॉलेज शिकाचं कसं?"

"उरलेले पैसे कुठून आणणार ते तुम्ही पाहा."

"पाहीन ना. खानावळीत भांडे घासीन. पण कागदावर 'अर्धी मंजूर' लिवू नका. 'अर्धी नाकारली' असं लिवा."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

मी चार वर्षं भांडी घासली आणि बी. ए. झालो. सरकारनं शिकवलं म्हणून उपकार मान, असं सांगणारे नंतर पुष्कळ भेटले. मी मानले नाहीत, आजही मानत नाही. सरकारनं माझी अर्धी फी सोडली. त्या अर्ध्यासाठी माझ्या बहिणीनं अख्खं लग्न सोडलं.