वीतभर उघडा कोपरा

कोलशेतला चौदाव्या मजल्यावर राहायला आल्यापासून शालूला एक खोडच लागली होती. सकाळचा चहा झाला की गॅलरीत उभं राहायचं आणि खाडीपलीकडच्या काल्हेरकडे बघत बसायचं. तिथं आता गोदामांचे निळे पत्रे तेवढे दिसतात. पण त्या पत्र्यांखाली कुठंतरी तिचं माहेर होतं, आणि वर पत्रे चढले म्हणून माहेर काही बाईच्या मनातून जात नाही.

तिच्या माहेरच्या बायकांची एक रीत होती. लेकीला लग्नात गोधडी द्यायची. आत आईची, आजीची विरलेली लुगडी, वरून धावदोऱ्याच्या दाट ओळी. फक्त एक कोपरा वीतभर उघडा सोडायचा. लेक पहिल्यांदा माहेरपणाला आली की मायलेकींनी मांडीला मांडी लावून तो शिवायचा. आणि हे लेकीला तोंडानं सांगायचं मात्र नाही. थोरल्या बहिणींचं बघून तिचं तिनंच समजायचं. सांगून बोलावली तर ती लेक कसली, पाहुणीच की.

शालू लग्न होऊन खाडीच्या अलीकडे आली, त्या वर्षी दिवाळसणाला तिनं होडीनं जायचं ठरलं होतं. सासरे गुणाजी म्हणाले, "भात उभा हाय शेतान. कापणी झाली का जा." त्यांचं तरी काय चुकलं? भात कुणाच्या माहेरपणासाठी थांबत नाही. पण माणूस तरी कुठं थांबतं? कापणी झाली, झोडणी झाली आणि मार्गशीर्षात होडीतून निरोप आला, की आई गेली. शालूच्या गोधडीचा कोपरा शेचाळीस वर्षं तसाच राहिला.

पोटी लेक नव्हती. एकुलता एक प्रफुल्ल आणि त्याची लेक कृतिका. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत असताना शालूनं नातीसाठी दोन वर्षं गोधडी शिवली. वैशाखात कृतिका लग्न होऊन टिटवाळ्याला गेली, तिच्याबरोबर गोधडी गेली, कोपरा उघडाच. मग शालू वाट बघत बसली. आषाढ गेला, गणपती गेले. फोनवर ती एवढंच विचारायची, "बरी हायस ना गो बाय?" पोरगी म्हणायची, "आजी, या रविवारी नक्की." टिटवाळा म्हणजे काही सातासमुद्रापार नाही. पण आठवडाभर कल्याणला नोकरी आणि रविवारी घरातल्या कामांचा ढीग. पोरीला दोष तरी काय द्यायचा? तरी रविवार संध्याकाळी शालूला जेवण जात नसे.

दिवाळीनंतरच्या रविवारी कृतिका आली. हातात मोठी पिशवी, आणि तोंडभर हसू.

"आजी, बघ! तू एक कोपरा विसरलेलीस. आतली चिंधी बाहेर येत होती. कल्याणच्या टेलरकडून मशीन मारून घेतली. मस्त झालंय ना?"

शालूनं कोपऱ्यावरून बोट फिरवलं. टाके घट्ट, सरळ, एकही चुकलेला नाही. तिला रडूच फुटलं. कृतिका घाबरली. बिचारीला कळणार कसं? चौदाव्या मजल्यावर तिनं कुठल्या थोरल्या बहिणीचा कोपरा बघितला होता?

शालूनं कपाटातून आपली गोधडी काढली आणि तिच्या पुढ्यात पसरली. तिचाही एक कोपरा उघडा. मग रीत मोडून तिनं सगळं सांगितलं. होडी, भात, आई.

कृतिकानं तो उघडा कोपरा हातात घेतला. मग म्हणाली, "आजी, तुझा कोपरा मी शिवू? आत्ता, आपण दोघी बसून."

शालूनं गोधडी ओढून छातीशी धरली. "नको गो. त्यो शिवला, तं माझी आयस मना कशाला बोलवल?"

शिवणाच्या डब्यातली कात्री घेऊन कृतिका आपल्या गोधडीपाशी बसली आणि टेलरचा एकेक टाका उसवू लागली. कोपरा पुन्हा वीतभर उघडा झाला, तेव्हा शालूनं सुईत लाल दोरा ओवून पुढं केला. दोघींनी मांडीला मांडी लावून चार टाके घातले. पाचव्याला कृतिका थांबली.

"आज एवढंच," ती म्हणाली. "गोधडी मी नेते. सुई-दोरा इथंच राहू दे."

शालूनं ओवलेली सुई आपल्या गोधडीच्या उघड्या कोपऱ्याशी टोचून ठेवली.