पाऱ्याच्या पिंडीचं तीर्थ

नणंद पहिल्या बाळंतपणासाठी उज्जैनला माहेरी आली, तेव्हा सासूबाईंनी देवळाजवळच्या दुकानातून घट्ट केलेल्या पाऱ्याची महादेवाची पिंडी आणली. रोज सकाळी तिच्यावर दह्यादुधाचा अभिषेक व्हायचा आणि चमचाभर तीर्थ नणंदेला मिळायचं. माझी नोकरी फ्रीगंजमधल्या प्रयोगशाळेत, आणि काम पाण्यातला नि गाळातला पारा शोधण्याचं. दिवसभर परक्यांच्या विहिरींची काळजी करायची आणि घरी डोळ्यांदेखत गर्भारशीच्या पोटात पारा जाऊ द्यायचा? माझं डोकंच फिरलं.

मी नको म्हटलं. त्यावर सासूबाईंचं म्हणणं, दुकानदाराने शुद्ध केलेला पारा म्हणून सांगितलंय, तुम्हा शिकलेल्यांना सगळ्यातच खोट दिसते. नणंद बिचारी दोघींच्या कात्रीत. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "पहिले तुझ्या मशीनला विचार. तिने ना म्हटलं तर बंद करते." तोवर तीर्थ थांबवायला मात्र त्या तयार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी आम्लाने धुतलेल्या काचेच्या बाटलीतून तीर्थ नेलं. बाटली किंवा यंत्रच मळलेलं असलं तर आकडा खोटा येतो, म्हणून आधी त्याच बाटल्यांपैकी एकीतून नुसतं शुद्ध पाणी यंत्राला लावलं. त्यात काही नव्हतं. मग तीर्थ लावलं. आकडा चढतच गेला, पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर. पुन्हा लावलं, तरी तेच. माझंच खरं ठरलं होतं, पण आनंद औषधालाही नव्हता.

घरी फोन केला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने नणंदेचा फोन आला. "वहिनी, आई पिंडी घेऊन राम घाटावर गेली. विसर्जन करते म्हणाली."

देवघरातून उठवलेला देव नदीलाच द्यायचा, हे त्यांच्या हाडीमासी मुरलेलं. आपल्या ध्यानात कसं आलं नाही, म्हणून मी स्वतःवरच चरफडत ऑटोत बसले. यात्रेकरूंच्या गर्दीत ऑटो हलेना, तेव्हा उतरून पळत सुटले.

सासूबाई घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या, लाल कापडातली पिंडी छातीशी धरून. मी त्यांचा हात पकडला. पाण्यात नको, म्हटलं.

"मग काय देवाला कचऱ्यात टाकू?"

शेजारी एक बाई ओंजळीने आपल्या लेकाला शिप्रेचं पाणी पाजत होती. मी नुसतं तिकडे बोट दाखवलं. सासूबाई त्या मुलाकडे बघत राहिल्या, मग गाठोडं माझ्या हातात दिलं. प्रयोगशाळेत हे बरणीत सीलबंद करतील, नीट विल्हेवाट लावतील, असं मी सांगत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"आणि पोरीच्या पोटात गेलं ते?" त्या म्हणाल्या. "ते कुठे नेऊन देऊ?"

डॉक्टरांना विचारू, रक्त तपासून घेऊ, एवढंच मला म्हणता आलं.