पितरांच्या वाटची खीर

आमच्या आतोबांइतका कमी जेवणारा माणूस साऱ्या पंचवटीत शोधून सापडला नसता, असं आतोबांचं स्वतःचं ठाम मत होतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. यात्रेकरूंचे तीर्थोपाध्याय, आवाज खणखणीत, आणि देह असा की ते रामकुंडाच्या पायरीवर बसले की शेजारी बसायला येणारा दुसरा गुरुजी आधी जागेचा अंदाज घेई. या देहाचं कारण विचारलं तर ते गंभीर चेहऱ्यानं सांगत, "गोदावरीचं पाणी मानवलंय मला." माझे वडील नामपूरला मास्तर होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी कॉलेजसाठी नाशकात आत्याकडे राहायला आले, तेव्हा पहिल्याच जेवणाला माझ्या ताटातल्या दोन पोळ्या बघून आतोबा हळहळले. "या वयात एवढं खाणं बरं नव्हे, पोरी. माझं बघ." मी बघितलं. अर्धी भाकरी, वाटीभर मुगाचं वरण आणि कारल्याच्या चार काचऱ्या. मला इतकी लाज वाटली की आठवडाभर मी दुसरी पोळी मागितली नाही.

आठवड्यानंतर मला त्यांचा हिशेब कळला. आत्यानं घरात, त्यांच्या ताटात वाढलेलं जे असेल तेवढंच जेवण. बाकीचं जेवण नव्हतंच. प्रसाद हा प्रसाद असे. तो नाकारला तर देवाचा अपमान. स्वयंपाकघरात उभ्यानं तोंडात टाकलेलं ते चव बघणं. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीच्या दोन बशा, भगर, दाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस एवढं झाल्यावर ते आडवे होत आणि म्हणत, "उपासानं फार थकवा येतो गं." एकदा ओझरकडच्या एका बागायतदारानं करंडीभर द्राक्षं आणून दिली. त्यातली काही नरमली होती. चांगल्यांना लागू नये म्हणून ती निवडायला आतोबा स्वतः बसले. दुपारपर्यंत निवडणं चाललं, आणि शेवटी करंडीत पानं तेवढी उरली. आत्या काही बोलली की ते दुखावत. "चातुर्मासात चार महिने कांदा-लसूण सोडतो. याहून आणखी काय पथ्य पाळायचं माणसानं?" आणि कांदा ते खरोखरच सोडत, तोही आमच्या नामपूरकडचा कांदा पोत्यानं घरात येऊन पडलेला असताना.

पण खरी गोम होती श्राद्धाच्या जेवणात. श्राद्धाला पितृस्थानी बसलेला ब्राह्मण स्वतःसाठी जेवत नाही; यजमानाचे वडील, आजोबा, पणजोबा त्याच्या रूपानं येऊन जेवतात, असं शास्त्र मानतं. सगळेच मानतात. आतोबा ते पोटापर्यंत मानत. "घास माझ्या तोंडातून जातो एवढंच," ते मला समजावत, "पोचतो तिकडे." आत्या आतून म्हणे, "आणि पोट? ते तर इथंच राहतं ना?" "ते पाण्यानं," आतोबा म्हणत.

मला हे सगळं निव्वळ खादाडपण वाटे, पण एकदा निरोप द्यायला म्हणून मी एका श्राद्धाच्या ठिकाणी गेले आणि पंगत बघितली. सटाण्याकडचा एक शेतकरी वडिलांचं श्राद्ध करायला आला होता. आतोबांचं पोट भरलेलं दिसत होतं, हात पानावर आडवा धरलेला होता. तो माणूस खिरीचं भांडं घेऊन समोर उभा राहिला आणि म्हणाला, "मना बापले खीर भलती आवडे, गुरुजी." डाव खिरीत बुडवून तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. आतोबांनी हात बाजूला घेतला. त्यांनी खीर घेतली, पुन्हा घेतली, एकूण पाच वाट्या झाल्या. शेवटी रीतीप्रमाणे त्यानं विचारलं, तृप्त झालात ना? आतोबा इतक्या मनापासून "तृप्त झालो" म्हणाले, की तो माणूस हलका होऊन हसला. परत येताना वाटेत ते म्हणाले, "त्याच्या तोंडाकडे बघून नको म्हणणारा माणूस मला दाखव." मला असा माणूस माहीत नव्हता.

मग त्यांच्या पायाला एक लहानशी जखम झाली आणि ती महिना झाला तरी भरेना. रविवार कारंजाजवळच्या आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. साखर निघाली, आणि ती चांगलीच वाढलेली होती. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, असंच चाललं तर बोट जाईल, मग पाऊल जाईल. रोज काय खाता ते वहीत लिहून आणा." वही लिहिणं हा तर आतोबांचा धर्म होता. त्यांच्याकडे यजमानांच्या घराण्यांची बाडंच्या बाडं होती. कुणाचे खापरपणजोबा कोणत्या भावाबरोबर आले होते आणि कोण सहीऐवजी अंगठा उठवून गेलं, हे ते वही न उघडता सांगत. त्याच वळणदार अक्षरात त्यांनी आहाराची वही सुरू केली. अर्धी भाकरी, मुगाचं वरण, कारलं. रात्री ताक. एक शब्द खोटा नव्हता. पितरांचं जेवण आपल्या वहीत लिहिणं त्यांना अप्रामाणिकपणाचं वाटे.

डॉक्टर ती वही वाचून चकित होत. इतकं कडक पथ्य, आणि साखर जागची हलत नाही. त्यांनी अर्ध्या गोळीची एक केली, एकीच्या दोन केल्या, पितृपक्षात तीन केल्या. आत्यानं एकदा डॉक्टरांना सांगायला तोंड उघडलं, तर आतोबा म्हणाले, "परक्याच्या श्राद्धाची चर्चा दवाखान्यात नको." तेव्हा सांगितलं नाही याचं आत्याला पुढं फार वाईट वाटलं.

पितृपक्ष संपला आणि सटाण्याला आतोबांचे चुलतभाऊ वारले. घरात दहा दिवसांचं सुतक आलं. सुतकात ना कुणाच्या श्राद्धाला बसायचं, ना प्रसाद घ्यायचा, ना घरात गोडधोड करायचं. आयुष्यात पहिल्यांदाच आतोबा वहीत लिहिलेलं तेवढंच जेवू लागले. अर्धी भाकरी, मुगाचं वरण, कारलं. गोळ्या मात्र तीनच्या तीन चालू होत्या, कारण गोळ्यांना सुतक नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी ते वेळ जात नाही म्हणून जुनी बाडं चाळत मला घराणी सांगत बसले होते. सांगता सांगता त्यांनी नामपूरच्या एका घराण्याचा पणजोबा निफाडच्या घराण्याला देऊन टाकला. मला काही कळलं नाही, पण आत्या हातातलं सूप टाकून बाहेर आली. "हे चुकले," ती म्हणाली. "हे कधी चुकत नाहीत." आम्ही बघतो तो त्यांचा सदरा घामानं चिंब भिजलेला, हात थरथरतायत, आणि डोळे आमच्यावर ठरत नाहीत. मी सायकल काढली आणि डॉक्टरांना घेऊन आले. "साखर फार उतरलीय," म्हणत डॉक्टरांनी बघताक्षणी साखरेचं पाणी मागितलं. आत्यानं साखरेचा डबाच आणला, पाण्यात साखर ढवळली आणि चमच्या-चमच्यानं त्यांना पाजलं. घाईत निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. पंधरावीस मिनिटांनी आतोबांची नजर जाग्यावर आली. जीभ ओठांवरून फिरवून ते पहिलं वाक्य बोलले, "सुतकात गोड कसं दिलंस?"

आत्या तिथंच भिंतीला टेकून रडायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, "आज काय खाल्लं होतं यांनी?" मी म्हटलं, "वहीत लिहितात तेच." "मग एरवी काय खातात?" आतोबा भिंतीकडे बघू लागले. आत्यानं पदरानं डोळे पुसले आणि सगळं सांगितलं. पाच वाट्या खिरीपासून करंडीतल्या द्राक्षांपर्यंत काही वगळलं नाही. डॉक्टरांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुरुजी, ते पितरांना पोचत असेल. पण जाताना साखर तुमच्याकडे ठेवून जातंय."

यानंतर आतोबांनी वहीत दोन रकाने पाडले, एक "स्वतः" आणि दुसरा "पितरांतर्फे". दुसरा रकाना डॉक्टरांना दाखवताना ते अवघडून बसत. हळूहळू तो रिकामा होत गेला. मंत्र ते सांगत, पण पितृस्थानी आपल्या हाताखाली तयार झालेल्या एका तरुण गुरुजींना बसवत आणि स्वतः भिंतीशी बसून पंगत बघत. कुणी खिरीला नको म्हणालं की त्यांचा चेहरा पडे. पाय वाचला. त्यानंतर ते सात-आठ वर्षं चांगले चालतेफिरते जगले, आणि गेले ते साखरेनं नाही, झोपेत गेले.

त्यांच्या वर्षश्राद्धाला मी नवऱ्याच्या गावाहून मुद्दाम आले. श्राद्ध परगावी नोकरीला असणारा माझा आतेभाऊ करत होता आणि पितृस्थानी आतोबांच्या हाताखालचे तेच गुरुजी बसले होते, आता तितके तरुण राहिले नव्हते. खीर आत्यानं स्वतः केली होती, जायफळ लावून, साखर सढळ हातानं घालून, जशी तिनं आतोबांना इतकी वर्षं करून दिली नव्हती. वाढायलाही तीच आली. पहिली वाटी झाली. ती दुसरी वाढणार, तेवढ्यात गुरुजी ओशाळून म्हणाले, "पुरे, काकू. मलाही साखर निघालीय."

आत्याचा हात तसाच थांबला. आतेभाऊ म्हणाला, "आई, आजच्या दिवस वाढ. बाबांना आवडायची." आत्यानं क्षणभर त्या पानाकडे पाहिलं. मग डाव भांड्यात परत ठेवला आणि म्हणाली, "नको. पोट त्यांचं आहे."

रीतीप्रमाणे आतेभावानं विचारलं, तृप्त झालात ना? गुरुजी म्हणाले, "तृप्त झालो." आत्या भांडं घेऊन आत येता येता माझ्याजवळ पुटपुटली, "एका वाटीवर हे कसले तृप्त होतायत." आणि तिचे डोळे भरून आले.

पंगती उठल्यावर तिनं ते भांडं माझ्यापुढं सरकवलं आणि शेजारी बसून राहिली. मी दोन वाट्या खाल्ल्या. दुसरी माझी नव्हती.